पहिल्या फ्लॅटपर्यंत

आमच्या कोंढ्याच्या वाचनालयात चरित्र-आत्मचरित्राचं कपाट खिडकीजवळ आहे. त्यातलं टीव्हीवर दिसणाऱ्या कुठल्याही माणसाचं पुस्तक काढा आणि न उघडता कडेनं बघा. पुठ्ठ्यापासून निम्म्याच्या जरा अलीकडपर्यंत पानांची कड मळकट तपकिरी, आणि मग एकदम पांढरीशुभ्र. वैनगंगेचा पूर ओसरल्यावर काठच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते ना, अगदी तशी. रेघ जिथं असेल तिथं त्या नटानं मुंबईत पहिला फ्लॅट घेतलेला असतो. मी पुष्कळदा पान उघडून पडताळून पाहिलंय. क्वचित फ्लॅटऐवजी गाडी निघते.

ही रेघ काकाजींची.

सरकारदरबारी आमचं वाचनालय ‘ड’ वर्गात आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि ‘ड’च्या खाली काही नाही. अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं, त्यामुळे वाचक सांभाळणं हे माझं पहिलं काम. पुस्तकं त्यानंतर. कोंढ्यात येणारे वाचक तीन प्रकारचे: पेपरातल्या जागांच्या जाहिराती उतरवून घेणारी पोरं, पंख्याखाली बसायला येणारे म्हातारे, आणि काकाजी. देवघेवीच्या वहीत सगळ्यात जास्त सह्या काकाजींच्या. सत्तरी ओलांडलेली, धानाच्या चार बांधी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि खिशात खर्रा. वाचताना खूण म्हणून ते खर्र्याची पन्नी घालतात. आमच्या आत्मचरित्रांना सुपारी-तंबाखूचा वास येतो तो त्यामुळे. वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा एक पुस्तक नाकाशी नेऊन मला विचारलं होतं, “हे वाचतात की खातात?” मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी चालतं.”

काकाजी कथा वाचत नाहीत, कादंबरी वाचत नाहीत, कवितेचं नाव काढलं तर खिडकीबाहेर बघतात. त्यांना टीव्हीवरच्या माणसांच्या आठवणी लागतात, आणि त्याही ठरावीक जागेपर्यंतच. पहिल्या वेळी मला वाटलं, कंटाळले असतील. अर्धं पुस्तक राहिलंय, असं मी दाखवूनही दिलं.

“झाला ना वाचून,” काकाजी म्हणाले. “बाबू, आता त्याच्याजवर फ्लॅट आहे, बायको आहे, फोन आहे. आता मी कायले रातभर जागू त्याच्यासाठी? आता त्याचा तो पाहील.”

त्यात राग नव्हता, असूयाही नव्हती. रोग्याचा ताप उतरला की उशाशी बसलेला माणूस जसा उठून घरी जातो, तसे ते उठले होते.

या हिशेबानं काकाजींनी मराठी आत्मचरित्रांची एक स्वतंत्र प्रतवारी लावली आहे. ग्रंथालयशास्त्रात ती नाही, पण असायला हरकत नव्हती. लेखक मुंबईत पहिल्यांदा आला तेव्हा कुठं झोपला, यावर पुस्तकाचा दर्जा ठरतो. फलाटावर झोपलेला सगळ्यात वर. त्याखाली नाट्यगृहाच्या मागच्या बाकावर झोपलेला. मग मित्राच्या चाळीतल्या गॅलरीत, पाय बाहेर काढून. होस्टेलवर झोपणाऱ्याला ते पुस्तकाची पंधरा-वीस पानं देतात. स्वतःच्या घरी झोपणाऱ्याला प्रस्तावनासुद्धा नाही. खाण्याचंही तसंच. वडापाव वाटून खाल्ला तर चांगलं, पाण्यावर दिवस काढला तर उत्तम. असं पान आलं की काकाजी पुस्तक काखेत घेऊन बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर जातात आणि उभ्यानं वाचून दाखवतात. भंडारा-पवनी बसची वाट बघणारे लोक ऐकतात. एकदा पवनीची बस येऊन गेली, दोघं जण चढलेच नाहीत, कारण नट दुसऱ्या दिवशी जेवला की नाही ते कळायचं राहिलं होतं.

याचा एक परिणाम असा, की आमच्या गावातले काही लोक नागपूरच्या पुढं कधी गेलेले नाहीत, पण गिरगावातल्या साहित्य संघापासून दादरच्या शिवाजी मंदिरापर्यंत पायी जायचं तर वाटेत काय काय लागतं, यावर ते पानठेल्यावर भांडू शकतात. शिवाजी मंदिर तर त्यांना आमच्या मामा तलावाच्या पाळीइतकं ओळखीचं आहे. फक्त ते मंदिर नाही, नाट्यगृह आहे, हे गावातल्या एकाला बरीच वर्षं माहीत नव्हतं. तो पुतण्याला लोकल दाखवायला मुंबईला निघाला तेव्हा घरून नारळ घेऊन निघाला होता.

नियमाला अपवाद असतात आणि काकाजींच्या बाबतीत ते कपाटात उभे आहेत. अशोक सराफांचं ‘मी बहुरूपी’ घ्या. आमच्याकडच्या घरांना ते आधी सिनेमातून आणि मग ‘हम पाँच’मधून माहीत. पाच पोरींचा बाप, ज्याची पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून बोलते. नाटकं करता करता त्यांनी स्टेट बँकेत कैक वर्षं नोकरी केली, हे जगजाहीर आहे. काकाजींनी पुस्तक नेलं आणि तिसऱ्याच दिवशी परत आणून टेबलावर ठेवलं.

“एवढ्यात?”

“स्टेट बँकेत लागला ना तो.”

आता कोंढ्यात स्टेट बँकेतली नोकरी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. फ्लॅट, गाडी आणि बायको एकाच पाकिटात. काकाजींच्या लेखी आत्मचरित्र तिथंच संपलं होतं. मी म्हटलं, “काकाजी, पण पुढं ते नोकरी सोडतात.” काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सोडली? स्टेट बँक?” आणि पुस्तक पुन्हा नावावर टाकायला लावलं. त्या रात्री म्हणे त्यांच्या घरातला दिवा दोन वाजेपर्यंत जळत होता. या एका पुस्तकाला त्यामुळे दोन रेघा आहेत, मधला पट्टा पांढरा. पानठेल्यावर ती बातमी वाऱ्यासारखी पसरली. एका बापानं मला येऊन सांगितलं, की त्याचा पोरगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय, तेवढे चार महिने ते पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवा. मी ठेवलं. पोरगा पास झाला नाही, पण त्याला अशोक सराफ जबाबदार नव्हते.

सचिन पिळगावकरांचं ‘हाच माझा मार्ग’ मात्र एका रात्रीत परत आलं, कोरं करकरीत. ‘एका पेक्षा एक’मधले ‘महागुरू’ म्हणून काकाजींनी मोठ्या आशेनं नेलं होतं. पण ज्या माणसानं ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये शाळेत जायच्या वयात काम केलं आणि तिथूनच नाव कमावलं, त्याच्यासाठी जागायचं कुठल्या पानावर? काकाजी नाराज नव्हते, जरा ओशाळले होते. म्हणाले, “याले रोवनीच नाई, बाबू. थेट कापनी.” धानाच्या मुलखात यापेक्षा नेमकं पुस्तक-परीक्षण मी वाचलेलं नाही, आणि मी परीक्षणं पुष्कळ वाचतो. दुसरं करायला इथं काय आहे?

मोहन जोशींच्या ‘नटखट’वर मात्र जीव. या माणसानं एकेकाळी स्वतः ट्रक चालवला आहे. मुंबई-कोलकाता हायवे आमच्या भंडाऱ्यावरून जातो, एवढ्या एका धाग्यावर काकाजींनी असं ठरवून टाकलंय, की मोहन जोशी कधीतरी भंडाऱ्याच्या नाक्यावर चहा प्यायले असणार आणि त्या दिवशी काकाजीही बाजाराला तिथंच गेले असणार. ट्रकवाला कसा होता, चहा बशीत ओतून कसा प्याला, हेही ते आता सांगतात. दर वर्षी तपशिलात एखाद्या गोष्टीची भर पडते. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी टायर बदलायला मदत केली.

शेवटच्या पानापर्यंत त्यांनी एकच आत्मचरित्र वाचलं, जयश्री गडकरांचं ‘अशी मी जयश्री’. कारण जयश्रीबाई म्हणजे कौसल्या. रामानंद सागरांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं तेव्हा काकाजींच्या गल्लीत एकच टीव्ही होता, आणि रविवारी सकाळी त्याला झेंडूचा हार पडायचा. दशरथाचं काम करणारे बाळ धुरी हे जयश्रीबाईंचे खरोखरीचे यजमान, हे कळल्यापासून तर काकाजींना त्या मालिकेतला कुठलाच प्रसंग खोटा वाटेनासा झाला. तर कौसल्येला सेटवर काय काय सोसावं लागलं, ते शोधायला त्यांनी पुस्तक उघडलं. समूहनृत्यात मागं उभी राहणारी पोर पुढं ‘सांगत्ये ऐका’ची नायिका झाली, तिथं एरवी त्यांनी पन्नी घालून पुस्तक मिटलं असतं. पण कौसल्या यायची होती. पानं उलटत गेले, उलटत गेले. कौसल्या आलीच नाही. पुस्तक आधीचं, मालिका नंतरची.

“म्हन्जे तिले तवा मालूमच नव्हता?” काकाजी कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. “आता राम पोटी येनार हाय, आन् बाईनं पुस्तक लिवून मोकरी!”

घरी काकूंचं मत वेगळं आहे. त्यांनी २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ बघितलं, आदेश भावोजींनी वाटलेल्या पैठण्या मोजल्या, आणि आपल्या घरात जो पुरुष आहे तो साधा आंधळगावचा कोसासुद्धा आणत नाही, याची मनात नोंद ठेवली. मी पुस्तक परत न्यायला गेलो की त्या चहा देतात आणि तक्रारही. “मुंबईच्या नटानं उपास काढला तं याईच्या डोऱ्याले पानी येते. मी एकादशी धरली तं म्हन्ते, साबुदान्यात शेंगदाने कमी हायेत.” काकाजी यावर काही बोलत नाहीत. पुस्तकात डोकं घालतात. पुस्तक उलटं असतं, कधीकधी.

मग दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभराची नाटकं सुरू होतात. झाडीपट्टीची ही रंगभूमी पुण्या-मुंबईच्या वाचकांना दंतकथेसारखी वाटते, पण वडशाच्या कंपन्यांचा हंगाम इतका भरगच्च असतो, की आमच्या नटाला तेवढे महिने आरशात बघायला सवड नसते. मेकअप दुसराच करून देतो. अशात एका कंपनीनं मुंबईचा टीव्हीवरचा कलाकार आणला. पोस्टरवर त्याचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठं. काकाजींनी दोन दिवस आधीपासून पोपटाच्या शेंगा निवडून ठेवल्या. त्याला नाव ठेवायला मला जागा नाही, गडी गोड होता, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

पडद्यामागं गवताच्या पेंढीवर तो बसला होता, गालाला रंग लावून. काकाजींनी शेंगांची पिशवी पुढं केली आणि न बसताच विचारलं, “साहेब, तुम्ही मुंबईले पहिल्यांदा आले तवा कोठी झोपत होते?”

“आत्याकडे,” तो म्हणाला. “दादरला.”

“आन् जेवन?”

“आत्याच करायची. फार सुरेख करायची हो.”

मी शेजारीच उभा होतो. असा पडलेला चेहरा मी यापूर्वी एकदाच पाहिला होता, कापणीच्या तोंडावर गारपीट झाली तेव्हा. काकाजींनी पिशवी हळूच परत काखेत घेतली, नमस्कार केला, आणि तंबूच्या दुसऱ्या टोकाला हार्मोनियमवाला बसला होता त्याच्याकडे गेले. तो आमच्याकडचाच, बोटं काळीनिळी. त्यालाही तोच प्रश्न. तो हसला. “झोप? दिवारीपासून होरीपर्यंत टेम्पोत झोपतो, काकाजी. टेम्पो चालू असला की झोप चांगली लागते. थांबला की डोरा उघडते.” शेंगांची पिशवी तिथं गेली. काकाजी रात्रभर नाटक सोडून त्याच्या मागं बसून राहिले, आणि पहाटे परतताना वाटेत म्हणाले, “दादरले आत्या असल्यावर कायचा आत्मचरित्र!”

त्या हार्मोनियमवाल्यानंच खोडी करून ठेवली. उठताना तो म्हणाला होता, “तुमीच लिवा ना तुमचा, काकाजी.”

पुढच्या सोमवारी काकाजी शंभरपानी वही घेऊन वाचनालयात हजर. पुस्तक आपलं, पण लिहिणार मी. कारण पुस्तकांच्या आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून बारीक अक्षरात एक नाव असतं, ते त्यांनी कधीचं हेरून ठेवलं होतं. सरपंच, पोलीसपाटील, तसं ते एक पद आहे, असा त्यांचा समज. “नट सांगते आन् शब्दांकन रडते,” अशी त्यांनी मला कामाची वाटणी सांगितली.

मी विचारलं, “पण काकाजी, टीव्हीवरच्या माणसाचं आत्मचरित्र असतं ना हे? तुम्ही कुठं टीव्हीवर...”

त्यांनी मला बोटानं थांबवलं. ते यथावकाश येणार होतं.

महिनाभर आम्ही बसलो. सांगताना काकाजी कसबी निघाले. बालपण दोन पानांत गुंडाळलं, कारण आत्मचरित्रातलं बालपण आपण स्वतःच कधी नीट वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. झोपण्याच्या जागा मात्र एकही सोडली नाही. शंकरपटाला गेले तेव्हा बंडीखाली. तलावाच्या पाळीवर, पाणी चोरू नये म्हणून. नागपूरला एकदा कामासाठी गेले तेव्हा बसस्टँडवर, पायांतल्या चपला उशाला घेऊन. चपलांच्या उशीवर ते फार खूश होते, “हा तं फलाटाच्या बरोबरीचा आहे ना?” म्हणून त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मधूनच सूचना. “येथं एक उपास टाक.”

“उपास होता?”

“सकारी जेवलो होतो. संध्याकारचा टाक.”

मी टाकला. शब्दांकनवाल्याला एवढं करावं लागतं.

एकदा फक्त ते अडखळले. शाळेचं सांगत होते. चौथीनंतर घरातल्या एकालाच पुढं शिकवता येणार होतं, आणि मोठ्या भावानं दप्तर यांच्या खांद्यावर दिलं आणि स्वतः पऱ्ह्यांची जुडी डोक्यावर घेऊन बांधीत उतरला. तो शेवटपर्यंत तिथंच राहिला. सांगून झाल्यावर काकाजी थांबले. मी पेन उचललं.

“हा नको लिवू.”

“काकाजी, हे तर...”

“नको लिवू म्हन्लो ना. चल, बंडीवाला घे.”

नंतर बंडीचा पट्टा आला, त्यात बैल उधळला होता.

आणि एका संध्याकाळी गोसेखुर्द आलं. २२ एप्रिल १९८८, शुक्रवार. पंतप्रधान राजीव गांधी आमच्या तालुक्यात धरणाच्या भूमिपूजनाला आले होते. ३७२ कोटींचं काम, म्हणून सगळा मुलूख तिकडे लोटला होता. (ते ३७२ पुढं अठरा हजारांच्या वर गेले. धरणानं आत्मचरित्र लिहिलं तर आपण अखेरपर्यंत वाचू, असं काकाजी म्हणतात.) ऊन रणरणत होतं, काकाजी गर्दीत तिसऱ्या की तेराव्या रांगेत, डोक्यावर ओला दुपट्टा. कॅमेरा फिरला. रात्री बातम्यांत दाखवलं. काकाजींनी स्वतः पाहिलं नाही, कारण ते तेव्हा बंडीत होते, परतीच्या वाटेवर. काकूंनीही पाहिलं नाही, कारण लाईट गेली होती. पण नागपूरच्या भाच्यानं पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं कार्ड आलं, की मामाचा डोक्सा टीव्हीवर दिसला. कार्ड काकाजींनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, घड्यांवर फाटलेलं, डोक्सा हा शब्द मात्र शाबूत.

मी ते उतरवून घेतलं. तारीख, रांग, दुपट्टा, सगळं. मान वर केली तर काकाजी चष्म्याचा दोरा सोडत होते.

“लिव, समाप्त.”

“काकाजी, अजून पस्तीस वर्षांच्या वर उरली आहेत. पोरीचं लग्न, घराचा स्लॅब...”

“टीव्हीवर आलो ना मी,” ते म्हणाले. “आता पुढचा कोन वाचते?”

वहीला खाकी कव्हर घातलं, दाखल नंबर टाकला, आणि चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटात मोहन जोशींच्या शेजारी उभी केली. दुसऱ्याच दिवशी काकाजींनी ती आपल्या नावावर नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली. ते गेल्यावर मी कडेनं पाहिली. साठ पानांपर्यंत मळकट तपकिरी, रेघेवर खर्र्याची पन्नी, आणि पुढची चाळीस कोरी पानं पांढरीशुभ्र.